प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग : सकाळ पाण्यात, दुपार वसूल

फी ९०० रुपये. रविवारी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, दोनदा चहा, एक जेवण आणि निघताना प्रमाणपत्र. हॉल पुण्यात डेक्कनच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. निकाल आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला कुणाचं असलं लांबलचक वाचताना शेवटापर्यंत धीर धरवत नाही. पैसे वसूल झाले, पण ते दुपारी दोननंतर. सकाळचे तीन तास पाण्यात.

कोण सांगतंय तेही कळू दे. नवी पेठेत माझी मेस आहे. जेवायला येणारी बहुतेक स्पर्धा परीक्षेची पोरं, थोडे नोकरीवाले, आणि आजूबाजूला एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे डबे. आत तीन मावशी आणि मी. म्हणजे उकळतं तेल, तीन कुकर, विळी, ओली फरशी आणि पुस्तकात डोकं घालून भराभर गिळणारी माणसं, सगळं एका छपराखाली. नर्सिंगला असलेली एक मुलगी माझ्याकडे जेवते, तिनं मला न विचारता माझं नाव घातलं आणि वर म्हणाली, "काकू, तुमच्याकडे आमच्या वॉर्डापेक्षा जास्त भाजतात माणसं."

सकाळचे सर सज्जन होते, पण पडद्यावर इंग्रजी पानं लावायची आणि तीच वाचून दाखवायची एवढंच त्यांनी केलं. शरीरात हाडं किती, रक्तगट कोणकोणते, प्रथमोपचाराचा इतिहास. शेजारी एक रिक्षावाले काका नवी कोरी वही घेऊन बसले होते. तासाभरानं त्यांनी वही मिटली आणि हळूच म्हणाले, "ताई, हाडं मोजून काय करायचंय? मोडलं तर काय करायचं ते सांगा म्हणावं." हॉलमध्ये तीस-बत्तीस जण होतो. त्यात व्हॅनवाल्या दोघी, सोसायटीचे वॉचमन, एका जिममधला मुलगा आणि पाळणाघर चालवणाऱ्या एक बाई. इंग्रजी पानं नेमकी कुणासाठी होती ते मला समजलं नाही.

सकाळच्या भागात कामाचं म्हणावं असं एकच निघालं, आणि तेही सरांकडून नाही. रस्त्यावर पडलेल्याला उचललं तर पोलिसांचं लचांड मागे लागतं, असं काकांनी बोलून दाखवलं. त्यावर माझ्या मेसमधला एक मुलगा उठला (माझ्याबरोबर दोघं आले होते) आणि पाठ म्हणावं तसं म्हणाला: मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये सांगितलं आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे. चांगल्या हेतूनं मदत करताना काही कमीजास्त झालं तर मदत करणाऱ्यावर खटला नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही नाही. काकांनी वही परत उघडली आणि कलमाचा आकडा लिहून घेतला. त्याच मुलाला मी नंतर विचारलं, रक्त थांबवायचं कसं रे? तर म्हणाला, "ते अभ्यासक्रमात नाही, काकू."

जेवणाबद्दल लिहायला नको होतं, पण माझा धंदाच तो. पुलाव बरा. पुऱ्या गार. पनीरचे तुकडे एवढे मोठे आणि असे चिवट की घशात अडकलेला घास काढायचा धडा जेवणाआधी का नाही ठेवला, असं मी आयोजकांना विचारलं. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

दुपारी दुसऱ्या बाई आल्या. बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेल्या, आवाज मोठा, मराठी खणखणीत, पडदा बंद. त्यांनी आल्या आल्या १०८ चा, म्हणजे त्या नंबरावर येणाऱ्या सरकारी रुग्णवाहिकांचा, हिशोब मांडायला लावला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हाचा ताफा ९३७ गाड्यांचा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. माझ्या परीक्षावाल्या पोरानं तोंडी भागाकार केला, एका गाडीमागे जवळपास १ लाख २० हजार माणसं. "आता त्या गाडीला तुमच्या पेठेतल्या बोळात आणा," बाई म्हणाल्या, "आणि हृदय थांबल्यावर मेंदूला प्राणवायूवाचून चार ते सहा मिनिटं निघतात, तेवढ्यात आणा." हॉल गप्प झाला. गाडी येईपर्यंतची मिनिटं जो शेजारी उभा असेल त्याचीच, हे मला त्या भागाकारानं पटलं. डॉक्टर त्या वेळी तिथे नसतोच. मेसमध्ये वाढपी असतो, रिक्षात रिक्षावाला असतो.

मग भाजण्याचा धडा. इथे मात्र मला वाटत होतं की मला कुणी काय शिकवणार. नळाखाली हात धरायचा हे मलाही माहीत होतं. पण किती वेळ? बाईंनी व्हॅनवाल्या एकीला बेसिनपाशी उभं केलं, नळ सोडला आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. आम्ही इकडे पट्ट्या बांधायला शिकत होतो आणि ती बिचारी तिकडे हात धरून उभी. पाच मिनिटांत म्हणाली झालं का, दहाला कंटाळली, पंधराला तिचा फोन वाजला. वीस मिनिटं धरायचं म्हणजे काय ते तिच्याकडे बघून सगळ्यांना कळलं. स्वयंपाकघरात भाजलेली मावशी अर्ध्या मिनिटात हात झटकून पुन्हा तव्याशी जाते, कारण पोळ्या थांबलेल्या असतात. भाजल्यावर तीन तासांपर्यंत कधीही हे पाणी केलं तरी फायदा होतो, हेही मी पहिल्यांदाच ऐकलं. बर्फ नाही, नळाचं साधं गार पाणी. आणि पाण्याखाली हात धरता धरताच बांगड्या आणि अंगठी काढायची, कारण सूज चढली की मग त्या कापाव्या लागतात. आमच्याकडे सगळ्यांच्या हातात बांगड्या, आणि "राहू दे गं, हिरव्या आहेत" हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

त्यानंतर बाईंनी विचारलं, भाजल्यावर घरी काय लावता? टूथपेस्ट, हळद, तूप, बटाट्याचा कीस, कोरफड, तांदळाचं पीठ. वॉचमननी शाई सांगितली. एवढ्या मोठ्या यादीतलं एकही लावायचं नाही. वरून काही थापलं की आतली उष्णता आतच राहते, शिवाय दवाखान्यात ते खरवडून काढताना माणूस पुन्हा किंचाळतो. फोड फोडायचा नाही. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, मोकळं असेल तर लगेच काढायचं. पाण्यानंतर जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक सैलसं ठेवायचं. ते मी पार्सलच्या वाट्यांना गुंडाळते, त्याचा रोल माझ्या ओट्यावर कायम असतो! त्याचा असा उपयोग असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. चेहरा, हाताचे पंजे किंवा सांधे भाजले, किंवा भाजलेल्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठा भाग भाजला, तर घरात बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

घास अडकण्याचा भाग मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकला. रविवारी माझ्याकडे मटण असतं, आणि पोरं हसत, बोलत, फोनमध्ये बघत जेवतात. आपल्याकडे ठसका लागला की डोक्यावर थापटायचं आणि "वर बघ, वर बघ" म्हणायचं, वर पाण्याचा पेला तोंडाला लावायचा. बाई म्हणाल्या, खोकता येतंय ना, मग हात लावू नका, खोकू दे, खोकल्याइतकं जोरदार आपल्या हातात काही नाही. पण आवाज बंद झाला, खोकला निघेना, माणूस गळा धरायला लागला, की मग थांबायचं नाही. त्याला वर बघायला लावायचं नाही, पुढे वाकवायचं. दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच जोरदार तडाखे. निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर पण छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके. मग पुन्हा पाच तडाखे. गरोदर बाई असेल तर पोटावर नाही, छातीच्या मधोमध. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाचे झटके अजिबात द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं छातीवर पाच दाब. तोंडात आंधळेपणानं बोट घालून चाचपायचं नाही, घास आणखी आत जातो. आणि पोटाचे झटके दिल्यावर माणूस ठीक वाटला तरी डॉक्टरला दाखवायचं, आत इजा झालेली असू शकते.

धडधाकट माणसावर झटक्यांचा सराव करू दिला नाही, तो बरोबरच. मूठ कुठे येते तेवढंच एकमेकांवर दाखवायचं होतं. पण बाळाचा पुतळा नव्हता. पाळणाघरवाल्या बाई खास त्यासाठी आलेल्या, त्यांनी उशीवर करून पाहिलं. ९०० रुपये घेऊन उशी? हा या वर्गातला मोठा दोष.

दुसरा त्याहून मोठा. सीपीआरला, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायच्या सरावाला, एवढ्या माणसांत मोठे पुतळे दोनच. रांग लागली. एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं. रांगेत ताटकळलेल्यांना बाईंनी अशा पुतळ्यांची गोष्ट सांगितली. नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं १९६० मध्ये सरावासाठी पहिली बाहुली काढली, आणि तिचा चेहरा घेतला तो पॅरिसच्या सेन नदीत सापडली असं सांगतात त्या अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून. माझ्यापुढच्या जिमवाल्या मुलाला ही गोष्ट पुतळ्यापेक्षा जास्त आवडली.

माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय, आपण रोज कणकेची परात मळतो. तिथेच गाडी अडली. मळताना कोपरं वाकतात आणि जोर मनगटातून येतो. इथे कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि वजन कमरेतून. छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बाई मागून माझी कोपरं धरून सरळ करत होत्या आणि म्हणत होत्या, "पोळ्या विसरा." नीट दाब बसला की पुतळा टक्‌ असा आवाज करतो. तो आवाज सलग यायला लागला तेव्हा माझे दंड भरून आले होते, आणि घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. असले व्हिडिओ मी फोनवर पाहिले आहेत, पण कोपरं वाकतात हे कुठला व्हिडिओ मला सांगणार होता? ९०० रुपयांतले सातशे मी या दोन मिनिटांचे धरते.

तोंडाला तोंड लावायचं का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि विचारायला सगळेच लाजत होते. शेवटी वॉचमननी विचारलं. बाई म्हणाल्या, ज्याला येतं आणि ज्याची तयारी आहे त्याचं गणित ३० दाब आणि २ श्वास. तुम्हाला जमत नसेल तर मोठ्या माणसाला नुसते दाब देत राहा, आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी तीच सोपी पद्धत ठरवली आहे. कधी सुरू करायचं? खांदे थोपटून मोठ्यानं हाक मारली तरी हालचाल नाही, आणि श्वास नाही किंवा मधूनच आचका दिल्यासारखा घेतोय. तो आचका म्हणजे श्वास नव्हे, हे त्यांनी तीनदा सांगितलं. लोक "चालू आहे, चालू आहे" म्हणून थांबतात आणि तिथेच वेळ जातो. दहा सेकंदांत ठरवायचं, कुणाला तरी बोट दाखवून "तुम्ही १०८ लावा" म्हणायचं, फोन स्पीकरवर, एकाला बोळाच्या तोंडाशी उभं करायचं, आणि दाब सुरू. फासळी मोडेल या भीतीनं थांबायचं नाही.

नंतर वेळ संपत आली आणि बाकीचं धावतपळत झालं. जखमेवर स्वच्छ कापड दाबून दहा मिनिटं धरायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्यावर दुसरं. हळद, कॉफी पावडर नको. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा. फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा काही नाही, आजूबाजूची टेबलं सरकवायची, डोक्याखाली मऊ काहीतरी, थांबल्यावर कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर गाडी बोलवायची. (माझ्याकडे एका मुलाला फिट आली होती तेव्हा कांदा आणायला चौघं धावले होते, घड्याळ बघायला एकही नाही.) साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना नाही, आणि त्याच दिवशी लस.

साप-विंचवाला मात्र दोन मिनिटं. आयोजक म्हणाले, पुण्यात कशाला? माझं माहेर महाडकडचं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तिथेच विंचूदंशावर काम केलं, प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या लहानपणी विंचू चावला म्हणजे घरात रडारड व्हायची. माझ्या मेसमधल्या निम्म्या पोरांची घरं शेतावर आहेत, सुट्टीला ती तिकडेच जातात. त्यांना नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही ठाऊक आहेत, पण चावल्यावर काय, तर दोरीनं आवळून बांधायचं, एवढंच. आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. जोडवी, पैंजण, अंगठी काढायची, हातपाय मोडल्यावर फळी बांधतात तसा स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, आणि मांत्रिकाकडे न थांबता प्रतिविष असलेला दवाखाना. साप मारून बरोबर न्यायचीही गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. हे सगळं माझ्याच पोरांना मी नंतर ताटं वाढता वाढता सांगितलं. वर्गात सांगायला हवं होतं.

निघताना दाराशी प्रथमोपचार पेटी विकायला होती, १४५० रुपये. उघडून बघितली. कापूस भरपूर, लाल औषधाची बाटली, चिकटपट्ट्यांचं पाकीट, कात्री. कात्रीनं गॉझ कापून बघितला, दुमडला, कापला नाही. त्रिकोणी पट्टी नाही, हातमोजे एकच जोड. घेऊ नका. मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या औषधवाल्याकडून गॉझचे तुकडे, रोल बँडेज, हातमोज्यांचा डबा, चांगली कात्री, ओआरएसची पाकिटं आणि सलाइनच्या छोट्या बाटल्या घेतल्या, निम्म्याहून कमी पैशांत. त्रिकोणी पट्टीला जुन्या सुती साडीचा चौकोन तिरका कापला. सगळं फरसाणाच्या रिकाम्या डब्यात. फ्रिजवर ठेवलाय, कुलूप नाही.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं आहे. बदलून देतो म्हणालेत.

कुणी जावं? ज्यांच्यासमोर माणसं जेवतात, चालतात, पळतात, पाण्यात उतरतात, अशा कुणीही. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणार मराठीत का, पुतळे किती, बाळाचा पुतळा आहे का. सहा-सात जणांमागे एक पुतळा नसेल तर दुसरा वर्ग शोधा. सकाळचं सत्र चुकवून थेट दुपारी आलं तर चालेल का, असं मी विचारलं होतं. तसं करता येत नाही म्हणाले, प्रमाणपत्र मिळत नाही.

पुढच्या वर्गाला माझ्या तिन्ही मावशींना पाठवायचं आहे, फी मी भरणार. दोघी तयार आहेत. तिसरीचं म्हणणं, रविवारी मटणाच्या दिवशी तिघीही गेलो तर चुलीपाशी कोण? म्हणून सोमवारचा वर्ग आहे का ते विचारलंय, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.